तीन बाणांच्या गावी: सानफ्रेच्चे हिरोशिमाच्या इतिहासामागोमाग

हिरोशिमाला जाणारे बहुतेक प्रवासी शांती स्मारक उद्यान पाहतात, मियाजिमा बेटाजवळ पाण्यात उभे असलेले लाल तोरण पाहतात आणि संध्याकाळच्या शिनकानसेनने ओसाका गाठतात. मी 2024 च्या नोव्हेंबरअखेरीस तिथे गेलो तो सानफ्रेच्चे हिरोशिमा या फुटबॉल क्लबसाठी. तोशिहिरो आओयामा या मध्यरक्षकाने निवृत्ती जाहीर केली होती आणि 1 डिसेंबरला, रविवारी, कोन्सादोले सापोरोविरुद्ध त्याचा घरच्या मैदानावरचा अखेरचा लीग सामना होता. 2004 पासून एकवीस हंगाम एकाच क्लबकडून खेळलेला हा माणूस. श्रीमंत क्लब दरवर्षी चांगले खेळाडू उचलून नेत असताना 2012, 2013 आणि 2015 असे तीन वेळा जपानचे विजेतेपद मिळवणाऱ्या या क्लबबद्दल मला बऱ्याच वर्षांपासून आस्था आहे. हे त्यांना कसे जमले, याचे उत्तर आकडेवारीत फारसे सापडत नाही, म्हणून सामन्याच्या आधीचे दिवस हाताशी ठेवून क्लबचा इतिहास जिथे जिथे घडला तिथे जायचे ठरवले.

गुरुवार: निनोशिमा

स्थानकाजवळच्या हॉटेलात सामान टाकले आणि ट्रामने उजिना बंदर गाठले. शहरातल्या ट्रामचे भाडे तेव्हा कुठूनही कुठेही 220 येन होते. बंदरातून निनोशिमा बेटावर जाणारी फेरीबोट वीस मिनिटांत पोहोचते. वारा बोचरा होता, तरी डेकवरच उभा राहिलो, कारण खाडीत दोन्ही बाजूंना कालवांच्या शेतीचे तराफे पसरलेले दिसतात आणि हिवाळा हाच तिथल्या कालवांचा हंगाम असतो.

फुटबॉलसाठी आलेल्या माणसाने या बेटावर कशासाठी यावे? पहिल्या महायुद्धात जपानने चीनमधले त्सिंगताओ जिंकले, तेव्हा पकडलेल्या जर्मन सैनिकांपैकी काहींना 1917 पासून इथल्या छावणीत ठेवले होते. 1919 च्या जानेवारीत त्यांच्या संघाला हिरोशिमाच्या उच्च अध्यापक विद्यालयाच्या मैदानावर नेऊन विद्यार्थ्यांशी सामना खेळवण्यात आला. जर्मनांनी सहज विजय मिळवला, पण विद्यार्थ्यांना त्या दिवशी चेंडू एकमेकांकडे देत पुढे नेण्याचा खेळ प्रत्यक्ष पाहायला मिळाला. त्यानंतर हे विद्यार्थी बेटावर येऊन कैद्यांकडून शिकू लागले आणि पुढे शिक्षक होऊन जिथे गेले तिथे तो खेळ घेऊन गेले. शिझुओका आणि साइतामाच्या बरोबरीने हिरोशिमाचे नाव जपानी फुटबॉलच्या जुन्या घराण्यांत घेतले जाते, त्यात या शिक्षकांचा वाटा मोठा आहे.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये कैद्यांनी बनवलेल्या वस्तूंचे प्रदर्शन शहरातल्या एका घुमटाकार इमारतीत भरले. तिथे कार्ल युखहाइम या कैद्याने भाजलेला, कापल्यावर झाडाच्या खोडासारखी वर्तुळे दाखवणारा बाउमकुखेन हा केक जपानने प्रथमच चाखला. ती इमारत म्हणजे आजचा अणुबाँब घुमट. छावणीच्या जागी आता मुलांच्या शिबिरांसाठी सार्वजनिक निवास आहे आणि तिथे मुले बांबूवर पीठ ओतत, निखाऱ्यांवर फिरवत तोच केक भाजायला शिकतात.

परतीच्या बोटीची वाट पाहताना धक्क्यावर एक वृद्ध गृहस्थ भेटले. माझ्या कामचलाऊ जपानीत मी फुटबॉलचे नाव काढताच त्यांनी मान डोलावली, पण बोलले ते 1945 बद्दल. बाँब पडल्यानंतर सुमारे दहा हजार जखमींना होड्यांतून या बेटावरच्या लष्करी विलगीकरण केंद्रात आणले होते आणि त्यांपैकी असंख्य इथेच गेले. त्यांच्या आईने तेव्हा जखमींना पाणी पाजले होते. "आमच्याकडे येणाऱ्याने दोन्ही गोष्टी ऐकायला हव्यात," असे ते म्हणाले. त्यांच्याशी बोलल्यानंतर पुढच्या प्रत्येक ठिकाणी मी दोन्ही गोष्टी शोधत राहिलो आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी त्या सापडल्या.

बेटावर खाण्यापिण्याची दुकाने फार थोडी आहेत. पाणी आणि डबा बंदरातूनच घ्यावा आणि परतीच्या बोटीची वेळ उतरतानाच पाहून ठेवावी.

शुक्रवार: माझदा

सानफ्रेच्चेचा जन्म 1938 मध्ये तोयो कोग्यो या कंपनीचा फुटबॉल संघ म्हणून झाला. तोयो कोग्यो म्हणजे आजची माझदा. कंपनी 1920 मध्ये बुचाच्या व्यवसायासाठी स्थापन झाली आणि 1931 पासून तिने तीनचाकी मालवाहू गाड्या बनवायला सुरुवात केली. मुकाइनादा स्थानकाजवळच्या मुख्यालयातून बसने कारखान्याच्या आवारातल्या संग्रहालयात नेतात. प्रवेश विनामूल्य आहे, परंतु आगाऊ नोंदणी सक्तीची आहे. परदेशातून जाणाऱ्याने विमानाच्या तिकिटाबरोबरच हेही काम उरकून टाकावे.

आमच्या गटात बहुतेक जण 1991 ची ले मान्स शर्यत जिंकणारी नारंगी-हिरवी गाडी पाहायला आले होते. मी मात्र हिरव्या रंगाच्या तीनचाकी गाडीपाशी रेंगाळलो. पुढे एकच चाक, मोटरसायकलसारखा दांडा आणि मागे लाकडी हौदा. फुचू इथला हा कारखाना स्फोटकेंद्रापासून सुमारे पाच किलोमीटरवर होता आणि मधल्या हिजियामा टेकडीच्या आडोशामुळे तो बऱ्याच अंशी वाचला. उद्ध्वस्त झालेल्या प्रांतिक सरकारचे कार्यालय काही काळ याच कंपनीच्या इमारतीत चालले आणि 1945 सालच्याच डिसेंबरात तीनचाकींचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. मार्गदर्शक बाई हे सांगत असताना सगळा गट शांत झाला होता. त्यांना मी फुटबॉल संघाविषयी विचारले, तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. त्यांचे वडील जुळणी विभागात होते आणि संघातले खेळाडूही कारखान्यात नोकरी करत असत, त्यामुळे सामन्याला जाणे म्हणजे आपल्याच खात्यातल्या माणसाला खेळताना पाहणे असे.

तो संघ साधा नव्हता. 1965 मध्ये जपान सॉकर लीग सुरू झाली, तेव्हा तोयो कोग्योने एकही सामना न हरता ती जिंकली आणि 1968 पर्यंत सलग चार वेळा विजेतेपद राखले. 1970 मध्ये पाचवे विजेतेपद आले. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या जपानच्या संघात तोयो कोग्योचे खेळाडू होते आणि त्या संघाचे प्रशिक्षक केन नागानुमा हे हिरोशिमाचेच, बाँबमधून वाचलेले. तोयो कोग्योला विजेतेपदे मिळवून देणारे प्रशिक्षक युकिओ शिमोमुरा यांनीही तो दिवस पाहिला होता.

या मालिकेतले मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे नाव म्हणजे काझुओ इमानिशी. बाँब पडला तेव्हा ते चार वर्षांचे होते आणि त्यांचा डावा पाय भाजला. तो पाय घेऊन ते तोयो कोग्योचे बचावपटू झाले आणि राष्ट्रीय संघातही खेळले. 1980 च्या दशकात संघ दुसऱ्या विभागात घसरला, तेव्हा त्याची धुरा त्यांनी घेतली. हॉलंडच्या हान्स ओफ्ट यांना त्यांनी प्रशिक्षक म्हणून आणले. चांगला खेळाडू होण्याआधी चांगला नागरिक व्हायला हवे, हे ते तरुणांना सतत बजावत आणि खेळ संपल्यावरही माणूस उभा राहिला पाहिजे म्हणून कारखान्यातले काम नीट शिकायला लावत. 1987 मध्ये त्यांनी नागासाकीच्या एका शाळेतून हाजिमे मोरियासु नावाचा फारसा कुणाला माहीत नसलेला मुलगा आणला. कंपनीतल्या जागा भरल्या होत्या, म्हणून त्याला माझदाच्या वाहतूक शाखेत नोकरी दिली गेली. तोच मुलगा पुढे ओफ्ट यांच्या राष्ट्रीय संघात गेला, प्रशिक्षक म्हणून सानफ्रेच्चेची तिन्ही विजेतेपदे त्याच्याच हाताखाली आली आणि आज तो जपानचा राष्ट्रीय प्रशिक्षक आहे. पैसा कमी असलेल्या क्लबने काय करावे, याचे उत्तर मला त्या एका निवडीत दिसते: जे इतरांना दिसत नाही ते पाहावे, आणि ज्याला आणले त्याला घडवायला वेळ द्यावा.

संध्याकाळी ओकोनोमियाकी खाल्ले. हिरोशिमाच्या पद्धतीत पीठ आणि कोबी एकत्र कालवत नाहीत. तव्यावर आधी पातळ धिरडे पसरतात, त्यावर कोबीचा डोंगर आणि मोड आलेले कडधान्य रचतात, मग डुकराच्या मांसाचे काप, खाली परतलेल्या नूडल्स आणि शेवटी अंडे असा थर लागतो. कोबी आपल्याच वाफेत शिजून बसतो, तोवर दुकानदार बाई त्याला हात लावत नाहीत. दोन उलथण्यांनी एकदाच दाबतात आणि पालटतात. समोरच्या तापलेल्या तव्यावरूनच लहान उलथण्याने तोडून खायचे असते. मांस नको असल्यास सुरुवातीलाच सांगावे, बहुतेक ठिकाणी ऐकतात. मात्र वरच्या सॉसमध्ये आणि तव्यावरच्या चरबीत मांसाहारी घटक असू शकतात, हे कडक शाकाहारी मंडळींनी लक्षात घ्यावे.

शनिवार: योशिदा

हिरोशिमाच्या बसस्थानकातून उत्तरेकडे दीडेक तास गेल्यावर आकिताकाता शहरातले योशिदा लागते. वाटेत डोंगर जवळ येत गेले आणि मेपलची शेवटची लाली झाडांवर टिकून होती. सोळाव्या शतकात पश्चिम जपानचा मोठा भाग ताब्यात आणणारे मोरी मोतोनारी इथल्या कोरियामा किल्ल्यावर राहत. एक बाण मोडतो, तीन एकत्र बांधले तर मोडत नाहीत, असे त्यांनी आपल्या तीन मुलांना दाखवले, ही कथा जपानमधल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. क्लबचे नाव याच कथेवरून आले आहे: जपानी 'सान' म्हणजे तीन आणि इटालियन 'फ्रेच्चे' म्हणजे बाण. बाणांचा प्रसंग दंतकथा असला, तरी 1557 मध्ये त्यांनी तिन्ही मुलांना एकजुटीविषयी लिहिलेले पत्र मात्र खरे आहे.

किल्ल्यावर आता बांधकाम उरलेले नाही. देवदाराच्या दाट झाडीतून चढ आहे, वर कोसळलेल्या दगडांचे ढीग आहेत आणि मध्ये मोतोनारींची समाधी. महाराष्ट्रातले गड चढलेल्यांना हा चढ अवघड वाटणार नाही, पण पानांनी वाट निसरडी होते, तेव्हा चांगले बूट हवेत. खाली उतरताना क्लबच्या जांभळ्या रंगाचे जॅकेट घातलेले दोन शाळकरी मुलगे सायकलवरून गेले. सानफ्रेच्चेचा सराव योशिदाच्या सॉकर पार्कमध्ये होतो, आणि क्लबच्या युवा संघातली मुलेही याच गावातल्या वसतिगृहात राहून इथल्याच शाळेत शिकतात.

क्लबच्या इतिहासाचा कणा मला इथे दिसला. 1993 मध्ये सुरू झालेल्या जे-लीग या जपानच्या व्यावसायिक लीगच्या पहिल्या दहा क्लबांत सानफ्रेच्चे होता. माझदा हा भार एकट्याने उचलायला तयार नव्हती, तेव्हा प्रांत, महानगरपालिका आणि स्थानिक कंपन्यांनी भांडवल घातले. 1994 मध्ये स्टुअर्ट बॅक्स्टर यांच्या संघाने हंगामाचा पहिला टप्पा जिंकला, पण त्यानंतर पैशाची चणचण कधी सुटली नाही. 2002 मध्ये आणि पुन्हा 2007 मध्ये क्लब दुसऱ्या विभागात घसरला. मोठे खेळाडू विकत घेणे शक्य नव्हते, म्हणून या डोंगरातल्या गावात मुले वाढवणे हाच मार्ग उरला. मोरिसाकी जुळे भाऊ, युइची कोमानो, योसुके काशिवागी, तोमोआकी माकिनो ही सगळी इथलीच पैदास. त्यांतले कित्येक पुढे गेले आणि एकट्या उरावा रेड्सने तर विजेत्या संघातले इतके जण नेले, की मोजणाऱ्याला वाईट वाटावे.

2007 च्या घसरणीनंतरची गोष्ट मला सर्वांत जवळची आहे. बहुतेक क्लब अशा वेळी प्रशिक्षकाला काढतात. हिरोशिमाने मिहाइलो पेत्रोविच यांना ठेवले आणि हिसातो सातो हा राष्ट्रीय संघातला आघाडीपटू दुसऱ्या विभागात खेळायला राजी होऊन थांबला. 2008 मध्ये त्या संघाने दुसरा विभाग 100 गुण मिळवून जिंकला. चार वर्षांनी, 2012 मध्ये, क्लबने पहिले विजेतेपद मिळवले तेव्हा 22 गोल करून लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तो सातोच. बाहेरून आणलेल्या ताऱ्यांपेक्षा पडत्या काळात थांबलेल्या माणसांनी हा क्लब उभा केला, असे माझे ठाम मत झाले आहे.

योशिदाला जाणाऱ्याने शनिवार-रविवारच्या बस कमी असतात हे ध्यानात ठेवावे. बसथांब्यावर भाजीच्या पिशव्या घेऊन बसलेल्या एका आजींनी मला थंडीत उभा पाहून जवळची दोन संत्री दिली आणि उद्याच्या सामन्याला चाललो आहे हे कळल्यावर आओयामाविषयी "इथे आला तेव्हा किती लहान होता" असे घरच्या मुलाबद्दल बोलावे तसे बोलल्या. बसमध्येच फोनवर बातमी आली: आघाडीवर असलेल्या व्हिस्सेल कोबेला काशिवा रेसोलने 1-1 असे रोखले होते. कोबेने भरपाई वेळेच्या अगदी अखेरीस बरोबरी साधली नसती, तर रविवारी हिरोशिमाला थेट अग्रस्थानी जाता आले असते. काशिवाला मिळालेल्या त्या एका गुणाने सापोरोची दुसऱ्या विभागातली घसरणही पक्की झाली.

रविवार: पीस विंग

एडिऑन पीस विंग हे नवे स्टेडियम 2024 च्या फेब्रुवारीत सुरू झाले. अणुबाँब घुमटापासून उत्तरेला चालत दहा-बारा मिनिटे. सुमारे 28,500 आसने, पंखांसारखे पसरलेले पांढरे छत आणि मैदानाला खेटून असलेले सज्जे. त्याआधी तीस वर्षे क्लब शहराच्या वायव्येला डोंगरात असलेल्या बिग आर्च मैदानावर खेळत होता. ते 1994 च्या आशियाई खेळांसाठी उभारलेले होते आणि 1992 मध्ये जपानने आपला पहिला आशिया चषक तिथेच जिंकला होता, विजयी गोलही हिरोशिमाच्याच ताकुया ताकागीचा. पण धावपट्टीमुळे प्रेक्षक लांब बसत आणि पोहोचायला वेळ लागे. शहराच्या मध्यभागी मैदान हवे, ही मागणी कित्येक वर्षे रेंगाळली आणि 2019 मध्ये मध्यवर्ती उद्यानातली ही जागा ठरली.

त्या जागेलाही दुसरी बाजू आहे. खोदकामात जुन्या लष्कराच्या वाहतूक तुकडीचे अवशेष सापडले आणि ते किती जपायचे यावर शहरात बराच वाद झाला. शेजारी मोतोमाचीच्या उंच चाळवजा इमारती उभ्या आहेत, ज्या युद्धानंतर नदीकाठी वसलेल्या झोपड्यांतल्या लोकांसाठी बांधल्या गेल्या. सामन्याच्या दिवशी त्यांच्या गॅलऱ्यांत जांभळे झेंडे वाळत घातलेल्या कपड्यांशेजारी लटकत होते.

दारे उघडण्याच्या वेळीच आत जावे, कारण खाद्यपदार्थांच्या रांगा लवकर वाढतात. मला सगळीकडे कार्डानेच पैसे द्यावे लागले, तेव्हा रोख रकमेवर विसंबू नये. तिकिटे महिनाभर आधी पाहावीत. नव्या स्टेडियममुळे घरचे सामने भरलेले असतात.

माझ्या शेजारी पन्नाशीतले एक गृहस्थ होते, बिग आर्चच्या पहिल्या हंगामापासून येणारे. भारतात फुटबॉल कोण पाहते, असे त्यांनी विचारले, तेव्हा मी त्यांना अराता इझुमी यांच्याविषयी सांगितले. शेजारच्याच यामागुची प्रांतात जन्मलेले इझुमी पुण्याच्या बालेवाडीत पुणे एफसीकडून खेळले आणि जपानी नागरिकत्व सोडून भारताकडूनही खेळले. त्यांना ते ठाऊक नव्हते. त्यांनी नाव वहीत टिपून घेतले आणि मोबदल्यात मला 2022 चा ऑक्टोबर सांगितला. सम्राट चषक या बाद पद्धतीच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत सानफ्रेच्चे नावाने हा क्लब सहा वेळा पोहोचला आणि सहाही वेळा हरला. सहावी हार 16 ऑक्टोबर 2022 ला दुसऱ्या विभागातल्या कोफूकडून पेनल्टींवर. सहा दिवसांनी लीग चषकाच्या अंतिम सामन्यात सेरेझो ओसाकाविरुद्ध 90 मिनिटे संपली तेव्हा 0-1 ने मागे असताना पिएरोस सोतिरिऊने भरपाई वेळेत दोन गोल केले आणि चषक आला. ते सांगताना त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता, की तो सामना त्यांच्यासाठी अजून संपलेला नाही हे कळत होते.

सामना हिरोशिमाने 5-1 असा जिंकला. तपशिलात जात नाही, कारण सगळ्यांचे डोळे राखीव खेळाडूंच्या जागेकडे होते. सापोरोचे प्रशिक्षक होते तेच पेत्रोविच, ज्यांनी 2006 मध्ये तरुण आओयामाला पहिल्या अकरात आणले होते, आणि तेही त्या हंगामानंतर सापोरो सोडणार होते. आओयामाच्या वाट्याला शालेय जीवनात एक मोठा अन्याय आला होता: 2002 मध्ये ओकायामा प्रांताच्या अंतिम सामन्यात त्याने मारलेला विजयी गोल जाळ्यात जाऊन बाहेर उसळला, पंचांनी तो दिला नाही आणि त्याची शाळा पेनल्टींवर हरली. 2015 मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला हा माणूस अखेरच्या मिनिटांत मैदानात उतरला, तेव्हा सारे स्टेडियम उभे राहिले. त्याने पहिला चेंडू घेतला, मान वर केली आणि लांब पास दिला, जसा तो वीस वर्षे देत आला होता. निरोपाच्या समारंभात शेजारचे गृहस्थ उघडपणे रडत होते आणि आजूबाजूच्या कुणालाच त्याचे नवल वाटले नाही.

त्या विजयानंतर हिरोशिमा कोबेपेक्षा एकाच गुणाने मागे होता. पुढच्या रविवारी मी पुण्यात परतलो होतो. गांबा ओसाकाकडून हिरोशिमा 1-3 असा हरला आणि विजेतेपद कोबेला गेले. शेजारच्या गृहस्थांनी संदेश पाठवला, त्यात निकालाबद्दल एक ओळ होती आणि पुढच्या हंगामाच्या तिकिटाबद्दल चार. जायचा विचार असणाऱ्यांसाठी एवढे सांगतो: जे-लीगने 2026 पासून ऑगस्ट ते मे असा हंगाम स्वीकारायचे ठरवले आहे आणि कडक हिवाळ्यात मध्ये सुट्टी असणार आहे. त्यामुळे मेपलची लाली, कालवे आणि सामना तिन्ही एकत्र हवे असतील तर नोव्हेंबरचा उत्तरार्ध धरावा आणि वेळापत्रक जाहीर होताच निनोशिमा, माझदा आणि योशिदा यांचे दिवस सामन्याच्या आधी बसवावेत.